खुली रात्र, बंद रात्र : नागपूर परिसरातील रात्रकालीन लोकरंजनापासून डीजे-नृत्यापर्यंत – एक ऐतिहासिक विवेचन

प्रस्तावना

शहरातील एखाद्या कलासभागृहात रात्री उशिरापर्यंत डीजेच्या तालावर चालणारे सामूहिक नृत्य हा आज नागपूरसारख्या शहरातही नवलाचा विषय राहिलेला नाही. या प्रकाराविषयी सुशिक्षित समाजात प्रायः दोन मते आढळतात. पहिल्या मतानुसार हे पाश्चात्त्यांचे अनुकरण असून त्यामुळे आपल्या संस्कृतीचा ऱ्हास होत आहे. दुसऱ्या मतानुसार हा नव्या पिढीच्या स्वातंत्र्याचा आविष्कार आहे. ही मते परस्परविरोधी असली तरी त्यांच्या मुळाशी एक समान गृहीतक आहे. रात्रभर गाणे आणि नाचणे ही या भूमीला अपरिचित अशी नवी गोष्ट आहे, असे दोन्ही पक्ष मानून चालतात.

प्रस्तुत लेखात हे गृहीतक ऐतिहासिक दृष्टीने तपासले आहे. नागपूर आणि पूर्व विदर्भातील लोकरंजनाचा इतिहास पाहता रात्र हीच कलेची स्वाभाविक वेळ होती, असे दिसून येते. डीजेमुळे रात्र कलेकडे आली नाही. ती आधीपासूनच कलेची होती. गेल्या पाऊणशे वर्षांत बदलली ती आवाजाची शक्ती, आणि गेल्या पंचवीस वर्षांत बदलला तो रात्रीवरील हक्क. मोकळ्या पटांगणातील रात्र आक्रसत गेली आणि चार भिंतींतील रात्र टिकून राहिली. हा बदल कसा घडला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हा या विवेचनाचा मुख्य विषय आहे.

१. धानाच्या हंगामाची रात्र

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांचा वनाच्छादित प्रदेश झाडीपट्टी या नावाने ओळखला जातो. धान हे येथील मुख्य पीक. दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी होते आणि भाऊबीजेपासून गावोगावी मंडई भरू लागते. दिवसा बाजार, आप्तेष्टांच्या भेटी आणि काही ठिकाणी शंकरपट. रात्री दंडार, खडी गंमत किंवा नाटक असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. या परंपरेचा आणि झाडीबोलीचा शास्त्रीय अभ्यास डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी केला व अभ्यासकांचे लक्ष या उपेक्षित रंगभूमीकडे वेधले.

खडी गंमत हा विदर्भातील तमाशासदृश प्रकार होय. शाहीर, ढोलकी, तुणतुणे आणि स्त्रीवेषातील नाच्या यांच्या आधारे तो उभ्याने सादर होतो. त्यास पडदा लागत नाही, उंच रंगमंचही लागत नाही. प्रेक्षकांनी सोडलेली मोकळी जागा हाच त्याचा रंगमंच. कलगी आणि तुरा या दोन पक्षांतील सवाल-जवाब रंगले की रात्र कशी सरली हे कळत नसे. दंडारीतही गायन, नृत्य आणि सोंगे यांची सांगड असे. याच मातीतून पुढे झाडीपट्टीची व्यावसायिक रंगभूमी वाढली. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा, म्हणजेच देसाईगंज, हे तिचे प्रमुख केंद्र आहे. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत चालणारी तिची संगीतप्रधान नाटके आजही हजारोंचा समुदाय खेचतात. या रंगभूमीवरील सेवेबद्दल परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाली.

हे प्रयोग रात्रीच का होत, या प्रश्नाचे उत्तर श्रमव्यवस्थेत आहे. शेतावर राबणाऱ्या माणसाला दिवसा सवड नसे. परगावाहून आलेल्या पाहुण्याला अंधारात रानवाटेने परतणे धोक्याचे होते, म्हणून पहाट होईपर्यंत त्याला गुंतवून ठेवणारा खेळ हवा असे. मंडईच्या निमित्ताने नातेवाईक एकत्र येत, सोयरिकी जुळत, उधारी-उसनवारीचे व्यवहार मिटत. तात्पर्य, रात्रभराचा खेळ हा वर्षाच्या श्रमचक्रातील एक ठरलेला मुक्काम होता. तो रोज होत नसे. पीक हाती आल्यानंतरच्या मोजक्या रात्रींपुरता असे. शिवाय ज्या गावाची झोप मोडत असे, तेच गाव त्या खेळाचे यजमान आणि प्रेक्षक असे. हा मुद्दा पुढील विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे.

२. गिरणीचा भोंगा आणि शहराची रात्र

नागपूर शहराची रात्र निराळ्या घड्याळाने बांधली गेली. जमशेदजी टाटा यांनी स्थापन केलेली एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. गिरणीच्या भोंग्याने कामगारवस्त्यांचा दिवस आखून दिला. शेतीतील श्रम हंगामाप्रमाणे कमी-अधिक होत. गिरणीतील श्रम मात्र बारमाही आणि घड्याळबद्ध होते. ठरल्या वेळी झोपणे आणि ठरल्या वेळी उठणे ही सवय औद्योगिक शिस्तीने निर्माण केली. शांत रात्रीची मागणी ही केवळ उच्चभ्रूंची आवड आहे, असे म्हणूनच म्हणता येत नाही. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्या कामगाराचीही ती गरज होती.

तथापि याच शहरात जागत्या रात्रीही होत्या. ताजुद्दीन बाबा (१८६१–१९२५) यांच्या दर्ग्यावरील उरुसात सर्व धर्मांचे लोक येतात आणि कव्वालीच्या मैफली रंगतात. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यानंतर आंबेडकरी गायनाला या शहरात नवे अधिष्ठान लाभले. जलशाच्या परंपरेतून आलेली भीमगीते वस्त्यावस्त्यांतून रात्री उशिरापर्यंत गाइली जात. वामनदादा कर्डक (१९२२–२००४) यांच्यासारख्या लोककवींची गीते पुस्तकापेक्षा अशा रात्रींतूनच लोकांच्या ओठी बसली. १३ एप्रिलच्या मध्यरात्री दीक्षाभूमी आणि संविधान चौक परिसरात जमणारा जनसमुदाय त्याच परंपरेचा आजचा आविष्कार होय. जिथे दिवसाची सार्वजनिक जागा दीर्घकाळ नाकारली गेली होती, तिथे रात्रीचे एकत्र येणे ही केवळ करमणूक नव्हती. सार्वजनिक अस्तित्वाची ती घोषणाच होती.

दुसऱ्या बाजूला मध्यमवर्गीय नागपूरने आपल्या कलाव्यवहारासाठी सभागृह ही संस्था स्वीकारली. विदर्भ साहित्य संघाचे धनवटे रंगमंदिर, सिव्हिल लाइन्समधील डॉ. वसंतराव देशपांडे सभागृह, १९८६ मध्ये स्थापन झालेल्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्राचा परिसर आणि २२ सप्टेंबर २०१७ रोजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या हस्ते उद्घाटन झालेले रेशीमबागेतील सुरेश भट सभागृह ही या वाटचालीतील ठळक नावे आहेत. सभागृहाने कलेला तिकीट, खुर्ची, पडदा आणि वेळापत्रक दिले. प्रेक्षकाने शांत बसून पाहावे, हा संकेतही त्यानेच रुजवला. पटांगणातील प्रेक्षक खेळाचा वाटेकरी होता. सभागृहातील प्रेक्षक श्रोता झाला.

३. ध्वनिक्षेपकापासून डीजेपर्यंत

या दोन्ही जगांत विसाव्या शतकाने एक समान घटक आणला, तो म्हणजे ध्वनिक्षेपक. १९३० च्या दशकात राजकीय सभांतून त्याचा प्रसार झाला आणि पुढे तो लग्न, उत्सव, कीर्तन व नाटक यांचा अविभाज्य भाग बनला. तोपर्यंत कलेचा आवाज कलावंताच्या छातीतील श्वासाइतकाच दूर जात असे. शाहिराचा आवाज जिथवर पोहोचे तिथवर प्रेक्षक बसे. ध्वनीची मर्यादा हीच प्रेक्षागाराची मर्यादा होती. ध्वनिक्षेपकाने हे नाते तोडले. जो ऐकण्यास आलेला नाही त्याच्याही कानी आवाज पडू लागला.

डीजे हा या प्रक्रियेचा पुढचा टप्पा होय. मुद्रित संगीत निवडून वाजवणाऱ्यासाठी ‘डिस्क जॉकी’ ही संज्ञा अमेरिकेतील नभोवाणीत रूढ झाली. ‘डिस्कोथेक’ हा शब्द फ्रेंच भाषेत ग्रंथालयवाचक शब्दाच्या धर्तीवर बनला असून त्याचा मूळ अर्थ ध्वनिमुद्रिकांचा संग्रह असा आहे. मात्र डीजेच्या कलेला खरा आकार मिळाला तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यात नव्हे. १९५० च्या दशकात जमैकातील किंग्स्टन शहरात गरीब वस्त्यांतील लोकांना वाद्यवृंद परवडत नसे. त्यांच्यासाठी प्रचंड ध्वनिक्षेपकांचे संच रस्त्यावर मांडून ध्वनिमुद्रिका वाजवल्या जाऊ लागल्या. जमैकातच जन्मलेल्या कूल हर्क याने ११ ऑगस्ट १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातील एका इमारतीत जी नृत्यसभा भरवली, ती हिप-हॉप या प्रवाहाची आरंभखूण मानली जाते. गीतातील तालाचा तुकडा दोन तबकड्यांच्या साहाय्याने पुनःपुन्हा वाजवून नाच लांबवणे हे त्याचे तंत्र होते. ढोलकीवाला रंगात आलेल्या नाच्यासाठी आवर्तन वाढवतो, त्याच जातीची ही क्रिया होय.

भारतात ‘कुर्बानी’ (१९८०) आणि ‘डिस्को डान्सर’ (१९८२) या चित्रपटांनी डिस्को घरोघरी पोहोचवला. गोव्याच्या हणजुण किनाऱ्यावर परदेशी प्रवाशांच्या रात्रसभांतून ‘गोवा ट्रान्स’ हा जगन्मान्य प्रकार उदयास आला. १९९० च्या दशकातील कॅसेट-सीडी व्यवसाय आणि रिमिक्सची लाट यांनी डीजे हा शब्द मराठी बोलण्यात मुरवला. नागपूर परिसरात त्याआधीच वरातीच्या बँडबरोबर धुमाल हा प्रकार प्रिय झाला होता. वाहनावर चढवलेली तालवाद्ये, की-बोर्ड आणि ध्वनिक्षेपक यांचा हा मेळ लग्नात, मिरवणुकीत आणि संदलमध्ये वाजतो. धुमालात वाजवणारे हात प्रत्यक्ष दिसतात. डीजेच्या गाडीवर ते हात कमी झाले. अनेक वादकांचे काम एका यंत्राने आणि एका चालकाने करावे, हा या बदलाचा आर्थिक अर्थ आहे.

परिणामी नागपूरमध्ये डीजेची दोन रूपे शेजारी शेजारी नांदू लागली. एक डीजे ट्रकवर, मिरवणुकीच्या रस्त्यावर. दुसरा सभागृहात, हॉटेलात किंवा क्लबमध्ये, प्रवेशमूल्य भरणाऱ्यांसाठी. यंत्र एकच, गाणी बहुधा तीच. तरीही या दोन रूपांचे सामाजिक आणि कायदेशीर भवितव्य भिन्न ठरले.

४. दहाची मर्यादा

१ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाला आणि पुढे मुंबईचा १९५१ चा पोलीस कायदा येथेही लागू झाला. सार्वजनिक करमणुकीची ठिकाणे परवान्याच्या कक्षेत होतीच. परंतु रात्रीच्या कलेवर निर्णायक परिणाम केला तो १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केंद्र शासनाने फेब्रुवारी २००० मध्ये लागू केलेल्या ध्वनिप्रदूषण नियमांनी. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल अशी पातळी ठरली. रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि न्यायालये यांच्या सभोवतालच्या शांतता क्षेत्रासाठी ती अनुक्रमे ५० आणि ४० डेसिबल आहे. साधे संभाषणही सुमारे ६० डेसिबलचे असते, हे लक्षात घेतल्यास या मर्यादेचा कठोरपणा कळतो.

नियम ५ अन्वये रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत ध्वनिक्षेपक वापरण्यास मनाई झाली. या मनाईला एक अपवाद ठेवण्यात आला. सभागृह, परिषदकक्ष, समाजमंदिर, मेजवानीगृह अशा बंदिस्त जागेत, आतल्या आत संवाद साधण्यासाठी ध्वनिक्षेपक वापरता येतो. ऑक्टोबर २००२ च्या दुरुस्तीने सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी वर्षातून एकूण १५ दिवसांपेक्षा अधिक नाही, इतके दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देण्याचा अधिकार राज्य शासनास मिळाला. हे दिवस कोणते, हे महाराष्ट्रात जिल्हा प्रशासन जाहीर करते.

या नियमाचा परिणाम केवळ मिरवणुकींवर झाला नाही. पुण्यातील सवाई गंधर्व महोत्सव १९५३ पासून रात्रभराच्या मैफलींसाठी ख्यातनाम होता. त्यालाही मोकळ्या मंडपातील रात्र सोडून सायंकाळकडे वळावे लागले. मध्यरात्रीनंतरचे राग मोठ्या समुदायासमोर, त्यांच्या वेळी ऐकण्याची संधी त्यामुळे दुर्मीळ झाली. तमाशाच्या फडांची अडचण याहून मोठी होती. ज्या खेळाचा रंगच मध्यरात्री चढतो, त्याने दहाच्या ठोक्याला थांबायचे कसे, हा त्यांचा प्रश्न होता. शास्त्रीय संगीताला पर्यायी वेळ आणि पर्यायी सभागृह मिळू शकले. फडाला पटांगणाखेरीज दुसरे घर नव्हते.

५. २००५ : दोन निर्णय, एक रेघ

१८ जुलै २००५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिप्रदूषणाविषयी विस्तृत निर्णय दिला आणि दहानंतरच्या मनाईस भक्कम आधार दिला. पुढे ऑक्टोबर २००५ मध्ये पंधरा दिवसांच्या सवलतीची वैधताही मान्य झाली. योगायोग असा की, त्याच जुलै महिन्यात महाराष्ट्र विधिमंडळाने डान्स बारमधील नृत्यावर बंदी घालणारी पोलीस कायद्याची दुरुस्ती संमत केली आणि ऑगस्टमध्ये ती अमलात आली. वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परसंबंध नाही. एकीचा विषय आवाज, दुसरीचा नृत्य. परंतु दोहोंच्या रचनेत एक विलक्षण साम्य आहे.

डान्स बार बंदीच्या दुरुस्तीत कलम ३३ब अन्वये नाट्यगृहे, सभागृहे, जिमखाने आणि तीन किंवा अधिक तारांकित हॉटेले यांना सूट होती. एकच नृत्य एका जागी गुन्हा आणि दुसऱ्या जागी कला किंवा करमणूक ठरत होते. हा भेदभाव घटनेच्या अनुच्छेद १४ शी विसंगत आहे आणि बंदीमुळे अनुच्छेद १९ मधील व्यवसायस्वातंत्र्याचा भंग होतो, असे मुंबई उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये ठरवले. सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी तो निर्णय कायम केला. राज्य शासनाने २०१४ आणि २०१६ मध्ये नवे कायदे केले. १७ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने त्यांतील अनेक जाचक अटी रद्द वा शिथिल केल्या. या चौदा वर्षांत हजारो नर्तकींची उपजीविका हिरावली गेली होती, हे विसरता येत नाही.

ध्वनिनियमातील रेघ आणि नृत्यबंदीतील रेघ यांत मूलभूत फरक आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. पहिलीला शास्त्रीय आधार आहे, कारण भिंत आवाज अडवते. दुसरीला तसा आधार नव्हता. प्रतिष्ठा आणि पैसा हाच तिचा निकष होता. तथापि दोहोंचा सामाजिक परिणाम एकाच दिशेने झाला. बंद, सशुल्क आणि प्रतिष्ठित जागेत रात्र शिल्लक राहिली. मोकळ्या, विनामूल्य आणि अप्रतिष्ठित जागेत ती संपली. रस्त्यावर जन्मलेली डीजेची कला कलासभागृहात सन्मानाने पोहोचली, ती याच वाटेने.

६. झोपेचा हक्क

एवढ्यावरून ध्वनिनियम अन्यायकारक आहेत, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. २००५ च्या निर्णयामागील प्रकरणाचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. शेजारी ध्वनिक्षेपकावर कर्कश संगीत वाजत असल्याने बलात्काराला बळी पडलेल्या १३ वर्षांच्या एका मुलीचा आक्रोश कोणालाही ऐकू गेला नाही. पुढे तिने स्वतःला जाळून घेतले. वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालेल्या या घटनेच्या आधारे न्यायालयाकडे दाद मागण्यात आली होती. नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कोणावरही करता येत नाही आणि शांततेत जगणे हा अनुच्छेद २१ मधील जीविताच्या हक्काचा भाग आहे, ही न्यायालयाची भूमिका अशा अनुभवांतून आलेली आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये विसर्जन मिरवणुकीतील डीजे व डॉल्बीवरील निर्बंधांविरुद्ध ध्वनिव्यावसायिकांच्या संघटनेने दाद मागितली असता उच्च न्यायालयाने अंतरिम दिलासा नाकारला, तोही याच भूमिकेतून.

प्रश्न आहे तो हा न्याय सर्वत्र सारखा लावण्याचा. नियमातील अपवाद ‘आतल्या आत’ या शब्दांवर उभा आहे. भिंतींच्या केवळ अस्तित्वाला सूट नाही. आवाज भिंतींच्या आत राहण्याला आहे. डीजे-संगीताचा प्राण असलेले खर्ज स्वर, म्हणजे कमी वारंवारतेचे ध्वनी, साध्या भिंतीतून सहज पार होतात. नाटक आणि भाषण यांसाठी बांधलेल्या सभागृहाची रचना आतला शब्द स्पष्ट ऐकू यावा यासाठी असते. आतला ठोका बाहेर जाऊ नये यासाठी ती असेलच असे नाही. ध्वनिशास्त्राच्या कसोटीवर असे सभागृह रात्री दहानंतर ‘बंदिस्त’ राहते काय, हे कुंपणापाशी मोजून पाहिल्याविना ठरवता येत नाही. ट्रकवरील डीजेला लावलेले माप सभागृहातील डीजेलाही लावले गेले, तरच कायद्यातील रेघ शास्त्राची राहील. अन्यथा ती वर्गाची होईल.

समारोप

उपरोक्त विवेचनातून काही निष्कर्ष संभवतात. रात्रकालीन सामूहिक नृत्य-गायन हे नागपूर परिसराला परके नाही. दंडार, खडी गंमत, झाडीपट्टीचे नाटक, कव्वाली आणि जलसा यांची ती जुनी वेळ आहे. कलासभागृहातील डीजे-नृत्याने एका अर्थी जुनीच रीत परत आणली आहे. तेथे खुर्च्या बाजूला होतात आणि श्रोता पुन्हा खेळाचा वाटेकरी बनतो. मात्र जुन्या रात्रीची दोन अंगे या नव्या रात्रीत नाहीत. मंडईची रात्र विनामूल्य आणि सर्वांची होती, आणि ज्याची झोप मोडे तो स्वतःच यजमान असे. सभागृहाच्या रात्रीत आत नाचणारा आणि बाहेर जागणारा यांची ओळखही नसते.

सांस्कृतिक धोरणापुढील आव्हान येथेच आहे. वर्षातील पंधरा रात्रींची सवलत प्रामुख्याने मोठ्या उत्सवांकडे जाते. मानवी आवाजावर किंवा माफक ध्वनिवर्धनावर चालणाऱ्या लोककलांना त्या रात्रींत वाटा मिळावा, यासाठी स्वतंत्र विचार झालेला दिसत नाही. खडी गंमतीचा शाहीर आणि भिंतीएवढे ध्वनिक्षेपक यांना एकाच मापाने तोलणे हे समतेचे लक्षण नव्हे. शासकीय सभागृहे उभारताना ध्वनिरोधनाची तरतूद आणि लोककलांसाठी रात्रीचे सवलतीचे प्रयोग या दोन्ही गोष्टी साध्य होण्यासारख्या आहेत. महाविद्यालयीन अभ्यासकांनी दंडार आणि खडी गंमतीची संहिता टिपताना तिची वेळही टिपली पाहिजे. रात्री दहाच्या आत आटोपलेली खडी गंमत संहितेत पूर्ण असली, तरी पहाटेपर्यंत चालणारा तिचा सवाल-जवाब त्यात उरलेला नसतो.